हळदीत उकडलेलं हाड

मी मटण खात नाही. माहेरी, सासरी कुणीच खात नाही. गळ्यात लिंग बांधलेली आमची माणसं, मटणाच्या दुकानासमोरून जायची वेळ आली तर रस्ता ओलांडून पलीकडून जातात. तरीही कुत्र्याच्या पिल्लाला कुठलं हाड द्यावं आणि कुठलं देऊ नये, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. हौस म्हणून मी ते शिकले नाही. त्यापायी जे ऐकून घ्यावं लागलं, ते अजून उतरलेलं नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. शिवाजी पेठेत आमचं भाड्याचं घर होतं. पुढच्या खोलीत माझं कटपिसांचं दुकान, मागं राहायच्या दोन खोल्या आणि त्यामागं परस. इचलकरंजीच्या मागांवरचे उरलेसुरले तुकडे वजनावर आणायचे आणि पेठेतल्या बायकांना विकायचे, हा धंदा मी एकटीनं उभा केला. सुरुवातीला गठ्ठा डोक्यावरून आणत होते. सासऱ्यांचा हात नाही, भावाचा नाही. मागवाले गठ्ठ्यात वर चांगले तुकडे लावतात आणि पोटात डागाळलेले कोंबतात. मी कोपरापर्यंत हात घालून आतलं कापड बोटानं ओळखायची, आणि मग आवाज चढायचा. मला बघितलं की ते आधी चहा सांगायचे. चहानं माझं तोंड बंद होईल असं त्यांना वाटायचं. चहा पिऊन मी नव्या दमानं सुरू करायची.

माझा नवरा अगदी उलट्या स्वभावाचा. ते टेम्पो चालवायचे. कुणी रस्त्यात आडवं आलं तर हॉर्नसुद्धा हळू वाजवायचे. एकदा कोकणात माल टाकून परत येताना गगनबावड्याला चहाला थांबले आणि टपरीच्या मागं भिजत पडलेलं पिल्लू उचलून आणलं. दारात उभं राहून शर्टाच्या आतून काढलं. तपकिरी रंग, लोंबते कान, अंगात काही नाही आणि पोट तेवढं टम्म.

"कुणाला विचारून आणलं?" मी म्हटलं.

"ह्यालाच विचारलं. हो म्हणालं."

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणायचो, आतूनच म्हणाल्या, "परसात ऱ्हाऊ दे. देवाच्या खोलीकडं फिरकायचं न्हाय."

त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. पिल्लू म्हणायची सवय लागली ती लागलीच. पुढं ते माझ्या मांडीएवढं उंच झालं तरी पिल्लूच.

दूधभाकरीवर ते वाढलं आणि दात बदलायला लागले तसं घर कुरतडायला लागलं. दाराची चौकट झाली, अव्वांच्या पाटाचा कोपरा झाला. नवऱ्याची चांगली जाड कापशी चप्पल त्यानं अशी सोलली की चांभारानं ती हातात घेऊन नुसती परत दिली. तेवढ्यावर मी काही बोलले नाही. पण दुकानातल्या पॉपलिनच्या ताग्याला दात लागले त्या दिवशी मी पिल्लाला आणि ते आणणाऱ्याला एकाच दमात झापलं. दोघांनीही माना खाली घातल्या.

मग मी त्याच्या दातांचा विषय हातात घेतला. वाळलेली भाकरी दिली, ती एका मिनिटात गेली. गाजर बर्फाच्या कप्प्यात गार करून दिलं, ते आवडलं, पण तेही संपायचं. मागावरून येणाऱ्या गठ्ठ्यांना सुताच्या दशा बांधलेल्या असतात, त्यांची मी जाड वेणी घातली, दोन्हीकडं गाठी मारल्या, भिजवून गार केली. हिरड्यांना ते फार बरं वाटायचं त्याला. डोळे मिटून चावायचं. मात्र वेणीचे धागे सुटायला लागले की मी ती फेकून द्यायची, कारण सुटलेला धागा ते शेवयांसारखा गिळायचं. अव्वांनी एकदा प्रेमानं नारळाची करवंटी दिली. तिची धारदार कपची निघालेली बघून मी ती काढून घेतली, तर अव्वा दिवसभर फुगून बसल्या. शेजारच्यांनी म्हशीचं शिंग सुचवलं. मी त्यावर नख दाबून बघितलं. नखाची खूण उमटत नाही ती वस्तू कोवळ्या दाताला जड, हे मी माझं मीच ठरवलं होतं. शिंग परत दिलं.

जनावरांच्या दवाखान्यात सुई टोचायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मटणाचं हाड द्या की. दात सुटतात तोवर त्याला काम मिळेल." मी आणि नवरा एकमेकांकडं बघत राहिलो. डॉक्टरांना आमच्या गळ्यातलं दिसलं असावं. ते हसले आणि नीट सांगितलं. हाड कच्चंच द्यायचं. शिजवलं की ते ठिसूळ होतं, काचेसारखे तुकडे पडतात, घशात रुततात. पिल्लाच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं हवं. कोंबडीचं नको, बरगडी नको, नळीचे गोल काप तर नकोतच, ते खालच्या जबड्यात अडकून बसतात. आणि देऊन निघून जायचं नाही, समोर बसायचं.

घरी आल्यावर मी हे सगळं अव्वांना सांगितलं. "कच्चं" म्हटल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला.

आता आणायचं कुणी? नवरा म्हणाले, "मी गेलो तर पेठेत बोभाटा होईल की हा खातोय म्हणून. कुरुंदवाडपर्यंत जाईल ते." कुरुंदवाडला त्यांचे सगळे भाऊबंद.

"आणि मी गेले तर?"

"तू गेलीस तर लोकांना वाटंल भांडायला गेलीया."

ते खरंच होतं. रविवारी सकाळी मी गेले. कोल्हापुरात रविवारी मटणाच्या दुकानासमोर काय गर्दी असते, हे निराळं सांगायला नको. मी पदर नाकाला लावून उभी. आयुष्यात पहिल्यांदा अशा मालासमोर उभी होते, ज्याचं मला ओ की ठो कळत नव्हतं.

मटणवाला सत्तूर थांबवून म्हणाला, "वैनी, वाट चुकला का काय?"

"हाड पाहिजे. भाव काय?"

"हाडाला भाव नसतोय. मटणाला असतोय."

"मटण नको. नुसतं हाड."

"मग असंच न्या की. फुकट."

रांगेतली माणसं हसली. पण फुकट हा शब्द माझ्या धंद्यात मी कधी चालू दिला नाही. फुकट घेतलं की निवडायचा हक्क जातो. "फुकट नको," मी म्हटलं. "पैसे देणार आणि मला पाहिजे तेच घेणार. मांडीचं हाड, सांध्याच्या गोळ्यासकट. तोडायचं नाही."

"अख्खी नळी? आवो वैनी, ह्या नळीसाठी माणसं पहाटेपासून उभी हायत. पांढऱ्या रश्शात नळी न्हाय गावली तर जावई उठून जातोय. कुत्र्याला दिली म्हणून कळलं तर मलाच तोडतील."

"जावयाला सांगा, कुत्र्याचे दात येतायत."

आमचं बराच वेळ चाललं. तो गोल काप द्यायला बघत होता, मी नको म्हणत होते. तो बरगड्या दाखवत होता, मी मान फिरवत होते. शेवटी रांगेतलाच एक म्हातारा वैतागून म्हणाला, "दे रं बाबा तिला काय पायजे ते, आमचा रस्सा रातीला व्हईल न्हायतर." सांध्याचा पांढरा, गुळगुळीत गोळा असलेलं हाड मी डब्यात घालून आणलं. त्या गोळ्यावर नख उमटत होतं. पैसे मोजून दिले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

त्यानंतरचे काही महिने मला आजही दिसतात. परसात पोतं अंथरलेलं. त्यावर नवरा मांडी घालून बसलेले. हाडाचं एक टोक पिल्लाच्या तोंडात आणि दुसरं ह्यांच्या हातात. गिळू नये म्हणून धरायचं हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच सुरू केलं. सुरुवातीला ते हाड काढून घ्यायला गेले की पिल्लू गुरगुरायचं. मी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं, "हिसकावू नका. सौदा करा. दुसऱ्या हातात तूप लावलेली भाकरी धरा." तेव्हापासून सौदा सुरू झाला. वरचा मऊ गोळा खाऊन संपला आणि खालचं टणक हाड उरलं की भाकरी द्यायची आणि हाड घ्यायचं. पिल्लाला तो व्यवहार पटला. मी दारात बसून कटपिसांच्या घड्या घालायची आणि ते पिल्लाला घाटातल्या गोष्टी सांगायचे. कुठल्या वळणावर धुकं होतं, कुठं समोरच्या ट्रकवाल्यानं लाइट मारली. माझ्याशी एवढं बोलायचे नाहीत. पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलायचे.

दसऱ्याला कुरुंदवाडची माणसं आमच्याकडं येणार होती. दिवाळीचा माल भरायचा म्हणून मी त्याच दिवशी सकाळी इचलकरंजीला गेले. निघायच्या आधी हाड आणून परसात झाकून ठेवलं आणि अव्वांना सांगून गेले, हे आले की देतील.

अव्वांना ते लालसर, ओलं हाड पाहुण्यांच्या नजरेला पडणं सहन होईना. त्यांनी परसातल्या न्हाणीच्या चुलीवर जुनं जर्मनचं पातेलं चढवलं, मूठभर हळद टाकली आणि हाड चांगलं रटारटा उकडलं. आमच्यात कुठलीही शंकेची गोष्ट हळदीनं शुद्ध होते. मग निववून, स्वतःच्या हातानं पिल्लाला दिलं. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते. उलट तेवढ्यापुरती त्यांची शिसारी त्यांनी बाजूला ठेवली होती.

मी गठ्ठा घेऊन परत आले तर घर पाहुण्यांनी भरलेलं आणि पिल्लू परसात लाळ गाळत, पुढच्या पायानं तोंड खाजवत पडलेलं. पोत्यावर पिवळ्या कपच्या पडलेल्या. नवरा नुकतेच आले होते. आम्ही तसेच त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जबडा फाकवून घशातली एक लांब कपची चिमट्यानं ओढून काढली. ती पिवळीधमक कपची त्यांनी ह्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "उकडलं होतं ना? सांगितलं होतं मी. आणखी काही आत गेलं असेल तर ते बाहेर पडेपर्यंत मी काही बोलणार नाही. पेज द्या आणि वाट बघा."

घरी आलो. माझ्या नणंदेनं, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीनं, आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "वैनी, हाडातबी घासाघीस केली व्हय? स्वस्तातलं आणलंस आन् मुक्या जिवाचं हे झालं बघ."

गप्प बसेन अशी मी नव्हे. मी म्हटलं, "वन्सं, हाड पिवळं कसं झालं ते विचारा की कुणीतरी."

"म्हंजे अव्वावर ढकलतीस?"

"मी आपलं स्वच्छ करून दिलं बाई," अव्वा म्हणाल्या.

"स्वच्छ केल्यानं कुठं हाड मोडतंय? मूळचंच हलकं असणार," नणंद म्हणाली. "हिचा सौदा आख्ख्या इचलकरंजीला ठाव हाय."

सगळे हसले. मी नवऱ्याकडं बघितलं. कपची अजून त्यांच्या खिशात होती. डॉक्टर काय म्हणाले ते माझ्याबरोबर ऐकणारा दुसरा माणूस तेवढाच. त्यांनी अव्वांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "जाऊ दे आता. जेवायला बसा."

मी पानं वाढली. नणंदेच्या पुरणपोळीवर तूप वाढलं, तिनं आणखी मागितलं तेही वाढलं.

पुढचे काही दिवस पिल्लाच्या पोटात काय आहे ह्याच्यावर आमचं सगळं लक्ष. ते पेज चाटायचं आणि ओकायचं. ह्यांनी गाडी बाहेर काढली नाही. एका सकाळी परसात पिल्लू उठून माझ्या चपलेकडं गेलं आणि पट्टा चावायला लागलं. मी ती चप्पल त्याला चावू दिली.

पिल्लू वाचलं. त्यानंतर मी ह्यांना म्हटलं, "मला बाकी काही नको. एकदा सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, हाड चांगलं होतं, उकडल्यामुळं मोडलं."

"अव्वाला वाईट वाटंल."

"आणि मला?"

"तू खंबीर हाईस."

हा शब्द मला अजून सोसत नाही. खंबीर म्हटलं की त्या माणसावर काय वाट्टेल ते ठेवायला लोक मोकळे होतात. मी म्हटलं, आजपासून त्या दुकानाची पायरी मी चढणार नाही. स्वस्तातलं आणते ना मी? आता तुम्ही आणा.

आणि ते आणायला लागले. रविवारी सकाळी स्टीलचा डबा घेऊन, भर गर्दीत. ज्या बोलण्याला ते भीत होते ते व्हायचं ते झालंच. कुरुंदवाडला गेलो की नणंद म्हणायची, "वैनीपायी दादा खाटकाच्या दारात उभा ऱ्हायला लागला." तेही माझ्याच नावावर. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचे. मला दिसत होतं ते. पण मला माझं वाक्य पाहिजे होतं. त्याच्याऐवजी दुसरं काही घ्यायला मी तयार नव्हते.

एकदा राजारामपुरीत कुत्र्यांच्या सामानाचं नवीन दुकान निघालं, तिथून त्यांनी पांढरं, दोन्हीकडं गाठी मारलेलं हाड आणलं. "शुद्ध शाकाहारी म्हणाला दुकानदार. हे तुलाबी घरात चालंल." मी ते वाटीभर पाण्यात टाकून ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते फुगून मऊ झालं आणि त्याची घडी उलगडली. चामडं होतं, दुसरं काही नाही. "ह्याचा लचका पिल्लानं गिळला तर पोटातही असंच फुगेल," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दुकानात जाऊन असा आवाज चढवला की त्यानं पैसे परत दिले. घरी आल्यावर हे हसत होते. मीही हसले असते. पण राग धरला होता ना.

अव्वा गेल्या. त्यांचं मी शेवटपर्यंत केलं. वर्ष उलटल्यावर ह्यांना म्हटलं, आता बोला. ते म्हणाले, "गेलेल्या माणसाचं काय काढायचं." मग एका हिवाळ्यात ह्यांच्याच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. दिवसकार्याला माणसं जमली. म्हातारं झालेलं पिल्लू ह्यांच्या टेम्पोच्या सीटवरच्या टॉवेलवर तोंड ठेवून पडलं होतं. नणंदेनं त्याच्याकडं बघून डोळे पुसले आणि म्हणाली, "दादानं लई जीव लावला ह्याला. न्हायतर वैनीच्या त्या हाडानं तवाच गेलं असतं."

बोलून कुणाला साक्षीला उभं करणार होते?

पुढच्या रविवारी सकाळी पिल्लू डब्यापाशी जाऊन बसलं. मागचे पाय त्याला साथ देत नव्हते, दाढा झिजलेल्या, तरी बसलं. दहा वाजले तरी उठेना. मग मी डबा घेतला.

मटणवाल्याचे केस पिकले होते. त्यानं मला ओळखलं. सत्तूर खाली ठेवून हात पुसले. "लई वंगाळ झालं वैनी. लई सरळ माणूस."

"सांध्याचं हाड द्या," मी म्हटलं. "म्हातारं झालंय ते, टणक नको. मऊ गोळा असलेलं."

"उकडायचं न्हाय," तो म्हणाला.

मी पुढं केलेला डबा मागं घेतला. "मला काय सांगताय? मला माहीत आहे."

"तुमाला न्हाय वैनी. सवय लागलीया तोंडाला. तुमचं मालक दर रव्वारी म्हणायचं की. डबा फुडं केला का सुरू. ‘हाड लई चांगलं असतंय तुमचं. एकदा आमच्या घरात उकडलं आन् मोडलं. बायको निवडून, पैसं मोजून न्ह्यायची, तिचा काय दोष न्हवता.’ समदी रांग म्हणायची, ऱ्हाऊ द्या पावणं, पाठ झालं आमाला."

शेजारचा एक जण हसत म्हणाला, "खरं हाय. आमीबी ऐकलंय."

मी तिथं उभी. रविवारी त्या दुकानात अर्धी पेठ उभी असते. त्या अर्ध्या पेठेला माझं वाक्य पाठ होतं. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, इतकी वर्षं. फक्त कुरुंदवाडला ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मला नव्हतं.

"मग मला सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला.

"तुमी येतच न्हवता की, वैनी."

मी म्हटलं, "परत सांगा. ते म्हणायचे तसं सांगा." आणि त्यानं गिऱ्हाइकांना थांबवून परत सांगितलं, ह्यांच्यासारखाच हळू आवाज काढून. "निवडून" म्हणायच्या आधी तो जरासा थांबला, हे बोलता बोलता थांबायचे तसा.

घरी येऊन मी परसात पोतं अंथरलं. पिल्लू आलं, हाड हुंगलं, आणि तोंड न लावता माझ्याकडं बघत बसलं. मला आधी कळेना. मग मी खाली मांडी घातली आणि दुसरं टोक धरलं. तेव्हा त्यानं चाटायला सुरुवात केली. बराच वेळ चाटत होतं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी त्याला इचलकरंजीचं सांगितलं, कुठल्या मागवाल्यानं ह्या खेपेला काय फसवाफसवी केली ते. आत जायच्या दाराकडं माझी पाठ होती. तिथं बसून घड्या घालणारं आता कुणी नव्हतं. तरी मी जरा मोठ्यानंच बोलत होते.